अकरावर थांबलेला आकडा

मित्रांनो, मला मोजता येतं आणि त्यापलीकडे फारसं काही येत नाही. मी मुठीत मावणारं एक जुनं मोजणीयंत्र आहे. गोल पोलादी डबी, तिच्यावर काचेची लहानशी खिडकी आणि खिडकीत चार आकडे. वरच्या बाजूला एक कळ आहे. अंगठ्याने ती दाबली की खट् असा आवाज होतो आणि आकडा एकाने वाढतो. कडेला एक चावी आहे. ती फिरवली की सगळे आकडे शून्यावर येतात, आणि जे मोजलं ते माझ्यापुरतं संपतं. सुखदुःख मला कळत नाही असं लोक म्हणतात. ते खरंही असेल. तरीही एका आकड्याची गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका गाळ्यात झाला. बाहेर दिवसभर ट्रक आणि ट्रेलर घरघरत असत. आत चार बाया एका लांब टेबलाशी बसून माझ्यासारखी यंत्रं जोडत. शेवटी एकीने मला हातात घेऊन शंभर वेळा दाबलं. खिडकीत बरोबर शंभर आले, तेव्हा तिने मला खोक्यात टाकलं. माझी परीक्षा तेवढीच झाली.

एका बससेवेने आमचं खोकं विकत घेतलं आणि मी सिताराम नावाच्या वाहतूक नियंत्रकांच्या हाती आलो. तुर्भ्याच्या कामगार वसाहतीच्या थांब्याजवळ त्यांची पत्र्याची चौकी होती. कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, किती माणसं चढली, हे नोंदवहीत लिहिणं त्यांचं काम. सिताराम चौकीत बसून कधी मोजत नसत. गाडी दिसली की ते बाहेर येत, रांगेच्या कडेला उभे राहत आणि एकेका माणसाकडे पाहून मला दाबत. कडेवरचं बाळही ते मोजत. एकदा साहेबांनी विचारलं, "त्याला तिकीट नाही, मग मोजता कशाला?"

"जागा तर लागते ना साहेब," सिताराम म्हणाले.

त्यांचे आकडे कार्यालयात कोणी पुन्हा तपासत नसे. 'सितारामचा आकडा आहे, लिहून टाका,' असं म्हणत. दर रविवारी ते माझ्या कळेत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडत. नेरूळच्या घरी त्यांच्या पत्नी बयाबाई मला रोज रात्री खिशातून काढून कपाटावर ठेवत आणि सकाळी आठवणीने परत खिशात टाकत. अशी बारा वर्षं गेली. माझं आयुष्य चांगलं चाललं होतं, असं आता वाटतं.

मग बयाबाई आजारी पडल्या. आठ दिवस ताप उतरला नाही आणि नवव्या दिवशी त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि दुसऱ्या दिवशी सिताराम कामावर हजर झाले. मला कपाटावरून त्यांनी स्वतःच उचललं.

नेमका त्याच आठवड्यात वरून हुकूम आला होता. सकाळच्या सगळ्या मार्गांची पंधरवडाभर मोजणी करायची होती. ज्या गाडीला माणसं कमी, ती बंद होणार होती. सितारामांच्या वाट्याला वसाहतीतून महाप्याला जाणारी सव्वासहाची गाडी आली. महाप्याच्या कंपन्यांमध्ये झाडलोट करणाऱ्या, उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या बाया त्या गाडीने जात.

पहिल्या सकाळी सिताराम बाहेर आले. रांग लांब होती. त्यांनी मला दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. अकरापर्यंत अंगठा नेहमीसारखा चालला. मग थांबला. रांग पुढे सरकत राहिली, माणसं चढत राहिली, दार बंद झालं, गाडी गेली. अंगठा माझ्या कळेवर तसाच होता. ते चौकीत जाऊन बसले आणि नोंदवहीत त्यांनी अकरा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते चौकीतल्या खुर्चीवरून उठलेच नाहीत. गाडी आली तेव्हा त्यांनी मला खिशातून काढलं, खिडकीत पाहिलं आणि पुन्हा अकरा लिहिलं. कोणी चावी फिरवली नव्हती. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. चौदा दिवस माझ्या खिडकीत शून्य शून्य एक एक होतं. ते रडत नव्हते. कोणावर चिडत नव्हते. डबा उघडत, अर्धी पोळी खात, डबा बंद करत. मला सुखदुःख कळत नाही असं म्हणतात, हे मी सांगितलंच; त्या दिवसांत त्यांनाही ते कळत नसावं.

महिन्याभराने चौकीच्या काचेवर एक कागद चिकटवला गेला. प्रवासी अपुरे असल्याने सव्वासहाची गाडी बंद. त्या सकाळी बाया अर्धा तास थांब्यावर उभ्या राहिल्या. मग एकेक करून चालू लागल्या.

त्यानंतर त्यांनी मला कधी दाबलं नाही, आणि चार महिन्यांनी सिताराम निवृत्त झाले. शाल आणि नारळ मिळाला. मला परत मागायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. नेरूळच्या घरातल्या एका खणात जुन्या किल्ल्या, संपलेले सेल आणि तुटका चष्मा यांच्या सोबतीला मी जाऊन पडलो. दोन वर्षं मला कोणी दाबलं नाही. कळ गंजू लागली. मित्रांनो, वस्तूला एकटं वाटतं का, हे मला सांगता येणार नाही. खणात अंधार असतो, एवढं मात्र सांगता येईल.

तो खण उघडला मैत्रीने. मैत्री ही सितारामांची मुलगी. शहरांची वाहतूक कशी आखायची याचं शिक्षण तिने घेतलं होतं, आणि तिला पहिलं काम मिळालं होतं ते संयुक्त प्रवास समितीत. ही समिती नवीच होती. आपल्या भागात शेजारशेजारच्या शहरांच्या बससेवा वेगवेगळ्या आहेत. एकीची गाडी जिथे संपते, तिथून पुढचं चालणं प्रवाशाचं. रेल्वेच्या वेळा निराळ्या, कारखान्यांच्या पाळ्या निराळ्या. प्रत्येकजण आपापलं वेळापत्रक करतो आणि माणूस मधल्या फटीत अडकतो. म्हणून बससेवा, रेल्वे, कारखानदारांची संघटना आणि गावांचे प्रतिनिधी यांनी एका टेबलाशी बसावं, गाड्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवाव्यात आणि एकच तिकीट सगळीकडे चालावं, असं ठरलं होतं. पण आधी मोजणी हवी होती. कुठे किती माणसं उभी राहतात ते कळल्याशिवाय गाडी कुठे द्यायची ते ठरणार कसं?

मोजणीला नेमलेली इतर मुलं मोबाइलवर मोजत. मैत्री म्हणाली, "मोबाइलवर मोजताना मान खाली जाते. बाबा, तुमचं ते यंत्र कुठंय?"

सितारामांनी खणाकडे बोट दाखवलं. मैत्रीने माझ्या कळेत तेल सोडलं आणि चावी फिरवली. अकरा जाऊन शून्य आलं.

तिला वसाहतीचा थांबाही मोजायचा होता. सकाळी सहा ते आठ ती तिथे उभी राहिली. दोन तासांत थांब्यावर सात माणसं येऊन उभी राहिली, आणि तीही रिक्षासाठी. फॉर्मात सात लिहावं लागणार होतं. पण रस्त्याच्या कडेने बाया चालत चालल्या होत्या. दोघी, चौघी, सहा. हातात पिशव्या, डोक्यावरून पदर, शेजारून कंटेनर धूळ उडवत जाणारे. मैत्रीने त्यातल्या एकीला थांबवलं. तिचं नाव बाळाबाई. महाप्याच्या एका कंपनीत ती सफाईचं काम करत होती.

"मावशी, थांब्यावर का नाही उभ्या राहत?"

"कशाला हुबं राहावं बाई? गाडी कुठं येती?"

"किती चालता?"

"पाऊन तास. कवा एक तास." बाळाबाई चालतच बोलत होती, म्हणून मैत्रीही तिच्याबरोबर चालू लागली. "आदी गाडी हुती. बंद केली. म्हने मानसं न्हाईत. आमी काय मग भुतं हुतो?"

"रिक्षा?"

"रोजची कुनाला परवडती?" मग ती जराही आवाज न बदलता म्हणाली, "रखमा हुती आमच्यात. मागच्या साली या वळनावर कंटेनरचा धक्का लागला तिला. पाय काढावा लागला. आता घरीच असती."

मैत्री जागच्या जागी थांबली. बाळाबाई पुढे निघून गेली, तिला वेळेत पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीने दोनदा मोजलं. आधी थांब्यावरची माणसं, मग चालणारी. थांब्यावर सात. चालणारी एकशे त्रेचाळीस. ती दोन्ही आकडे घेऊन हितेशकडे गेली. हितेश समितीचा समन्वयक, महाप्याजवळच्याच एका गावचा, स्वभावाने वाईट नव्हता.

"मॅडम, चालणाऱ्यांचा रकानाच नाही फॉर्ममध्ये," तो म्हणाला.

"मग वाढवा."

"असा नाही वाढवता येत. उद्या कुणी म्हणेल, ते मॉर्निंग वॉकला निघालेले. समितीपुढे प्रूफ लागतं. गाडी चालू होती तेव्हा भरत होती, असं दाखवा. जुनी नोंद काढा. त्यात आकडा चांगला असला तर मी स्वतः मांडतो."

मैत्रीने जुन्या नोंदवह्या मागवल्या. दोन दिवसांनी त्या आल्या. कार्यालयातल्या टेबलावर मी तिच्या हाताशीच होतो. तिने मार्ग शोधला, तारीख शोधली. अकरा. खाली अकरा. त्याखाली अकरा. चौदा ओळी एकसारख्या होत्या. बराच वेळ ती आकड्यांकडे नव्हे, अक्षराकडे पाहत होती.

त्या संध्याकाळी नेरूळला तिने चहा ठेवला, दोन कप भरले आणि नोंदवहीच्या पानाची प्रत वडिलांपुढे ठेवली.

"हे अक्षर तुमचं ना, बाबा?"

"माझंच."

"आई गेल्यानंतरचे दिवस आहेत हे."

"हो."

"तुम्ही मोजलंच नाही."

सिताराम कपाचा कान धरून बसले होते. "पहिल्या दिवशी मोजलं. अकरापर्यंत. त्यानंतर काय झालं ते मला सांगता यायचं नाही. गाडी यायची, जायची. मी बघत होतो. पण ती माणसं आहेत, असं वाटतच नव्हतं. काहीच वाटत नव्हतं."

"ती गाडी त्या अकरावर बंद झाली."

"माहीत आहे मला. कागद मीच चिकटवला काचेवर."

मग मैत्रीने त्यांना बाळाबाईने सांगितलेलं सांगितलं. रखमाचं. चहावर साय धरली.

मैत्रीपुढे अवघड पेच होता. हे पान समितीपुढे ठेवलं तर तीस वर्षं चोख काम केलेल्या बापाचं नाव खराब होणार होतं. न ठेवलं तर अकरा आणि सात हे दोन आकडे मिळून तो मार्ग कायमचा पुसणार होते. ती प्रत तिच्या पिशवीत दोन दिवस माझ्या शेजारी पडून होती. तिने ती बाहेर काढली नाही आणि फाडलीही नाही.

समितीची बैठक नेरूळमधल्या एका सभागृहात दुपारी होती. दोन बससेवांचे अधिकारी, रेल्वेचे एक साहेब, कारखानदारांच्या संघटनेच्या उज्वला मॅडम आणि गावांच्या वतीने गोटीराम नावाचे म्हातारे आगरी शेतकरी, ज्यांच्या शेतांवर आता कंपन्या उभ्या आहेत. बत्तीस मार्ग होते. हितेश एकेक वाचत होता आणि माना हलत होत्या. मैत्रीने मला मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की माझी काच तिच्या घामाने धुरकटली.

"मार्ग सत्तावीस. तुर्भे वसाहत ते महापे. जुनी नोंद अकरा, आताची सात. वगळावा, अशी शिफारस आहे."

मैत्री उठू लागली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"जुनी नोंद खोटी आहे."

सिताराम उभे होते. ते कधी येऊन बसले, हे तिलाही कळलं नव्हतं.

"आपण कोण?" रेल्वेच्या साहेबांनी विचारलं.

"तिथला नियंत्रक होतो मी. ती नोंद माझी आहे. पंधरवड्यात मी एकदाच मोजलं, तेही अर्धं. बाकीचे तेरा दिवस न मोजता लिहिलं. त्याच्या आधीच्या वर्षीच्या वह्या काढा. सव्वासहाच्या गाडीत सत्तरच्या खाली कधी नव्हते."

हितेशने मैत्रीकडे पाहिलं, मग सितारामांकडे. "काका, हे मिनिट्समध्ये जाईल. तुमच्या नावासकट. लिहू का?"

"लिहा."

"का केलंत असं?" बससेवेच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"त्याला कारण आहे, पण ते तुमच्या कामाचं नाही," सिताराम म्हणाले आणि खाली बसले.

पुढे काय झालं ते नीट ऐका, मित्रांनो, कारण गाडी एकट्याच्या सांगण्याने सुरू होत नाही. उज्वला मॅडमनी लॅपटॉप उघडला. त्यांच्याकडे कंपन्यांच्या फाटकांवरच्या हजेरीची माहिती होती, आणि त्या वसाहतीतल्या दीडशेवर बाया रोज उशिरा पोचत होत्या. का, ते त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. रेल्वेच्या साहेबांनी सांगितलं की सहा वाजून पाच मिनिटांनी तुर्भ्याला एक गाडी येते, तिची माणसंही महाप्याकडेच जातात. बससेवेचा अधिकारी म्हणाला, सगळं खरं, पण महाप्याच्या टोकाला बस वळवायला जागा नाही. म्हणूनही तो मार्ग नकोसा झाला होता.

तेव्हा गोटीराम पहिल्यांदा बोलले. "जागा नाय कशी? आमचे गावचं मैदान हाय ना. सकालचे पारी कोन नसतं तिथं. गाडी तिथं वलवा. मी गावाला विचारतो, पन नाय म्हननार नाय कोन."

प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. दोन वर्षं ते तुकडे वेगवेगळ्या कपाटांत पडून होते. त्या दुपारी ते एका टेबलावर आले, एवढंच झालं. टाळ्या वाजल्या नाहीत. हितेशने लिहून घेतलं: सव्वासहाची गाडी, तीन महिने चाचणी, दोन्ही बससेवांनी आलटून पालटून चालवायची, रेल्वेच्या गाडीनंतर सुटायची, तिकीट एकच. तीन महिन्यांनी आकडा पाहून पुढचं ठरवायचं. मग तो अठ्ठावीस क्रमांकाच्या मार्गाकडे वळला.

गाडी सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी चार माणसं चढली. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी सहा. बाया थांब्यापाशी यायच्या, गाडीकडे बघायच्या आणि चालत राहायच्या. एकदा बंद झालेल्या गाडीवर विसंबून कोणाला आपलं काम गमवायचं नव्हतं.

म्हणून सिताराम वसाहतीत दारोदार गेले. मैत्री बरोबर होती आणि मी तिच्या खिशात. "सव्वासहाला गाडी आहे, रोज आहे," एवढंच ते सांगत. फिरता फिरता रखमाचं घर आलं. ती दारात पाटावर बसून तांदूळ निवडत होती. कुबडी भिंतीला टेकवलेली होती.

सितारामांनी गाडीचं सांगितलं. मग म्हणाले, "मागची गाडी माझ्यामुळे बंद झाली. मी मोजलं नाही."

रखमाने ताटातून एक खडा उचलून बाहेर टाकला. "मग?"

"मग काही नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं."

"ठाऊक हुऊन माजा पाय यील का?"

"नाही."

ती तांदूळ निवडत राहिली. सिताराम उभेच राहिले. ताट बाजूला ठेवून तिने विचारलं, "आन आता कोन मोजतं?"

"मी मोजते," मैत्री म्हणाली. "पण मला दुसऱ्या थांब्यांवर जायचंय. इथे तीन महिने रोज कोणीतरी लागेल. बसून करायचं काम आहे. समिती नेमणूक देते." मग तिने विचारलं, "मावशी, तुम्ही कराल?"

रखमाने हात पुढे केला. मैत्रीने मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं, एकदा दाबलं, खिडकीत पाहिलं. मग तिने सितारामांना विचारलं, "सुन्यावर कसं आनायचं?"

त्यांनी चावी दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रखमा कुबडी टेकत थांब्यावर आली आणि रस्त्याकडे तोंड करून खुर्चीवर बसली. चालत निघालेल्या बायांनी तिला पाहिलं. बाळाबाई थांबली. तिच्यामागच्या थांबल्या. रखमा म्हणाली, "आता मी मोजनार हाय. हुबं राहा." त्या सकाळी अडतीस जणी चढल्या. आठवड्याच्या शेवटी एकसष्ट झाल्या. तीन महिन्यांनी समितीने गाडी कायम केली, आणि सव्वासातची आणखी एक दिली.

त्याला आता वर्ष होत आलं. नव्या गाड्यांच्या दाराशी मोजणारा डोळा बसवला आहे, त्यामुळे मी अजून किती दिवस हातात राहीन ते ठाऊक नाही. कधीतरी पुन्हा एखादा खण असेल. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या कुठल्या टेबलाशी बसेल, कागदावरचा आकडा बघून एखादी गाडी, एखादी शाळा, एखादा दवाखाना चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवेल. तेव्हा एकदा उठून दाराबाहेर जा आणि रस्त्याने कोण चालतंय ते पाहा. आणि मोजणाऱ्या माणसाला कधीतरी विचारा, तुझं घरी ठीक आहे ना? सितारामांना त्या पंधरवड्यात हे कोणी विचारलं नव्हतं.

रखमाने त्यांना माफ केलं का, ते मला माहीत नाही. ती तसं कधी म्हणाली नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. पण सिताराम रोज नेरूळहून पहिल्या गाडीने येतात. ती मोजते, ते वही धरून शेजारच्या दगडावर बसतात. आज सकाळी दार बंद झालं, गाडी महाप्याकडे निघाली, आणि तिने खिडकीत पाहून सांगितलं, "ब्यान्नव."

सितारामांनी लिहिलं नाही. आधी त्यांनी मान वर करून थांब्याकडे पाहिलं. "कोणी राहिलं का मागे?"

"न्हाई," रखमा म्हणाली. "लिवा."